मोराच्या दिव्याचा कौल

अर्धापूरच्या शिवारात, लक्ष्मीबाईंच्या अंगणात त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. माणसं ओट्यावर, माणसं ट्रॉलीत, आणि सगळ्यांच्या माना एका लाकडी पाटाकडं. पाटावर दोन पितळी खिळे. त्यांवर ठेवायचा पितळी पायांचा एक लाकडी मोर, आणि मोराच्या पोटात काचेची कुपी. लिंबाजीबुवा त्याला 'न्यायाचा दिवा' म्हणायचे.

"याला तेल लागत न्हाई, वात लागत न्हाई!" बुवा गरजले. "ह्यो मानसाच्या सत्त्वावर जळतो. मन साफ असंल तर हिरवा, करणी केली असंल तर तांबडा. हितं वकील चालत न्हाई, वशिला चालत न्हाई!"

दक्षिणा मात्र चालत होती. तिच्यासाठी वेगळं ताट मांडलेलं होतं.

हा सगळा थाट गौरीसाठी. लक्ष्मीबाईंची ही तीन वर्षांची नात महिनाभर तापानं फणफणत होती. डॉक्टरच्या गोळ्यांनी ताप उतरायचा, चार दिवसांनी पुन्हा चढायचा. बुवांनी अंगाऱ्याचा वास घेऊन निदान केलं, "घरातलीच बाई भानामती करून राहिली." घरात बायका तीन. लक्ष्मीबाई, थोरली सून पुनम म्हणजे गौरीची आई, आणि धाकटी शिल्पा. शिल्पाच्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही कूस उजवली नव्हती. आता संशय कुणावर, हे सांगायला बुवा कशाला हवा होता? तांबडा लागला तर तिला दुपारच्या एसटीनं मुखेडला माहेरी धाडायचं, कायमचं, असं ठरलंही होतं. तिची पिशवी आधीच भरून ओट्यावर ठेवली होती.

पुनम हायस्कूलात विज्ञान शिकवायची. बुवांचं नाव निघालं तेव्हा "थोतांड आहे" असं ती एकदाच बोलली आणि गप्प बसली. पोटची पोर मांडीवर तापलेली असली की शिकलेलं माणूसही ढिलं पडतं. कुणावर तरी ठपका बसावा आणि हे एकदाचं संपावं, असं तिलाही आतून वाटत होतं.

आधी लक्ष्मीबाई बसल्या. हिरवा. मग पुनम.

"उत्तरंला तोंड कर, बाय. मोराची चोच आपल्याकडं घे, अन् सोताच्या हातानं ठिव."

तिनं मोर खिळ्यांवर टेकवला. कुपी हिरवीगार उजळली. पुनमला इतकं हलकं वाटलं की तिनं पाटावर कपाळ टेकवलं. विज्ञानाच्या मॅडमनी, चारचौघांत!

मग शिल्पाला बोलावलं.

"तू तिकडून बस," बुवा म्हणाले. "जिच्यावर संशय, तिनं यमाच्या दिशेला तोंड करायचं. दक्षिणेला. हां. चोच आपल्याकडं."

शिल्पानं मोर ठेवला. तांबडा.

"खाल्लीस गं माझ्या नातीला!" लक्ष्मीबाईंनी ऊर बडवला. शिल्पाचा नवरा बजरंग पुढं आला. त्यानं ओट्यावरची पिशवी उचलली.

शिल्पानं पुनमकडं पाहिलं. "अक्का, तुमी तरी सांगा. तुमी शाळंत असता तवा गौरीला मांडीवर घेऊन कोन बसतंय?"

खरं होतं ते. आणि त्याच वेळी बुवांचं 'तिकडून बस' तिच्या डोक्यात टोचायला लागलं. दरवर्षी दहावीची पोरं तिच्यापुढं एलईडीचा बारका दिवा घेऊन यायची, "मॅडम, पेटतच न्हाई." आणि ती न बघता सांगायची, "त्याचे दोन पाय उलटे लाव."

ती उठली आणि शिल्पाच्या शेजारी, दक्षिणेला तोंड करून बसली.

"ए बाय, तुझा निकाल लागलाय!"

"मग पुन्हा लावा," पुनम म्हणाली आणि चोच आपल्याकडं घेऊन मोर ठेवला.

तांबडा.

"आता मी पण करणी केली का? माझ्याच लेकीवर?" पुनमनं विचारलं.

"हिची सावली पडली! पाट इटाळला!" बुवांनी शिल्पाकडं बोट दाखवलं.

"बरं. मग तुम्ही तर पवित्र आहात ना, महाराज? या, बसा इकडून."

बुवांना अचानक नांदेडची गाडी आठवली. पण बजरंगनं पिशवी खाली ठेवली, त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि मोर त्यांच्या हातात दिला. न्यायाच्या दिव्यानं आपल्या मालकालाही सोडलं नाही.

पुनमनं पाट उलटा केला. खाली तीन पेन्सिल सेल, आणि त्यांच्या वायरी त्या दोन खिळ्यांना जोडलेल्या. मोराचे पाय खिळ्यांना टेकले की वीज कुपीत चढायची.

"याला डायोड म्हणतात," तिनं कुपीतला मण्याएवढा दिवा काढून दाखवला. "डायोड वीज एकाच दिशेनं जाऊ देतो. मोबाईलच्या चार्जरमध्ये असतो, तो उलटसुलट येणारी वीज एका दिशेला लावतो. सौर पॅनेलमध्ये असतो, तो रात्री बॅटरीतली वीज परत जाऊ देत नाही. हा उजेड देणारा आहे. याच्या पोटात दोन आहेत, एक हिरवा, एक तांबडा, एकमेकांना उलटे जोडलेले. वीज इकडून गेली की हिरवा, तिकडून गेली की तांबडा. माणूस पलीकडं बसला, चोच आपल्याकडं घेतली, की मोर फिरतो आणि रंगही फिरतो. सत्त्वाचा काही संबंध नाही."

मग ती सासूकडं वळली. "आत्याबाई, डॉक्टरनं मुदतीचा ताप, टायफॉईड, सांगितला होता. ताप उतरला की गोळ्या बंद करून अंगारा कोण लावत होतं? आणि मी बघून गप्प बसत होते. भानामती आपणच केली."

लक्ष्मीबाईंनी पदर तोंडाला लावला. कुणीतरी पोलिसांना फोन केला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, हे बुवांना इतरांपेक्षा चांगलं ठाऊक असावं, कारण त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

"चल, घरात चल," बजरंग शिल्पाला म्हणाला.

"तांबडा लागला तवा पिशवी तुमीच उचलली," शिल्पा म्हणाली. तिनं ती त्याच्या पायाशेजारून घेतली.

पुनम एसटी स्टँडपर्यंत तिच्या मागं गेली. माफी मागायची होती. मुखेडची गाडी लागल्यावर शिल्पाच बोलली, "अक्का, दिवा लबाड निघाला, बरं झालं. पर मी कशी हाय, हे इचारायला तुमाला दिवा कामून लागला?"

पुनमनं तिची पिशवी गाडीत चढवून दिली. तुमच्याकडं याचं उत्तर आहे का? कुणी असा दिवा तुमच्या दारात आणला, तर 'पाट फिरवून दाखवा' एवढं म्हणा. त्याला विज्ञानाची पदवी लागत नाही. लेकराला डॉक्टरच्या गोळ्या पुऱ्या द्या. आणि ज्या माणसाच्या हातचं रोज जेवता, त्याची परीक्षा बुवाच्या पाटावर घेऊ नका.

गोळ्या पुऱ्या झाल्यावर गौरीचा ताप गेला. ती अजून दारात जाऊन काकूला हाका मारते. शिल्पा मुखेडलाच आहे.