डाव्या हाताचा पाव

गणवेश शिवणं म्हणजे हिच्या डाव्या हाताचा मळ होता. मग अर्धांगाचा झटका आला आणि नेमका तोच हात गेला. देवाला असले विनोद कसे सुचतात कोण जाणे.

दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, "रोज पीठ मळा. उजवा हात पाठीमागे, फक्त डाव्याने. आणि आठवड्यातून तीनदा इथे या. पहिले सहा महिने महत्त्वाचे. नंतर हात फारसा सुधारत नाही."

म्हणून ही पाव करायला लागली. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण हिला नादच लागला. मैदा, यीस्ट, कोमट पाणी आणि लोटलेलं दार. त्या तासाभरात हिला कोणी बिचारी म्हणायचं नाही. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडणारी माझी बायको ओव्हनपाशी स्टूल टाकून, वास घेत गुणगुणायला लागली.

पाव मात्र दगड. पहिला कापताना सुरी अडकली आणि हिचा चेहरा एवढासा झाला. मला ते बघवेना. मी नळ दुरुस्त करणारा माणूस, पाने आवळून मनगटं तयार झालेली. दुसऱ्या दिवशी ही गोळा झाकून आंघोळीला गेली आणि मी तो दहा मिनिटं चांगला तिंबून ठेवला. पाव टम्म फुगला.

"अहो, बघा! हाताला जोर यायला लागला!"

"मग! मी काय म्हणत होतो?" मी म्हणालो. निर्लज्जासारखा.

त्यानंतर रोज हिची आंघोळ आणि माझी चोरी. शेजारीपाजारी पाव जायला लागले, कौतुक व्हायला लागलं. तिसऱ्या महिन्यात हिने दवाखाना बंद केला.

"बोटं अजून आळशी आहेत, पण पाव सांगतोय ना सगळं. तिथे ती स्प्रिंग दाबत कशाला बसू?"

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "तुझी मर्जी."

आठव्या महिन्यात हिने शिलाई मशीनवरची चादर काढली. कापड सुईखाली सरकेना. डावी बोटं त्यावर नुसती पडून राहिली.

दवाखान्यात बाईंनी हिच्या मुठीत ताकद मोजायचं यंत्र दिलं. पहिल्या दिवशी काटा चारवर होता. आजही चारवरच थांबला.

"मधले महिने फुकट गेले हो," बाई म्हणाल्या. "यायचं का थांबलात?"

ही माझ्याकडे बघत होती. "तुम्ही मळत होतात?"

मी मान खाली घातली.

घरी येऊन हिने पीठ मळलं, दार सताड उघडं ठेवून. गोळा झाकला आणि तिथेच स्टूलवर बसून राहिली. पाव दगड निघाला. उजव्या हाताने जोर लावून हिने दोन काप काढले, एक माझ्या ताटलीत टाकला.

"सगळं गेलं होतं माझं," ही म्हणाली. "तेवढा एक तास माझा होता. तिथेही तुम्ही शिरलात."

"अगं, तुझ्यासाठीच..."

"खा."

मी खाल्ला. शेवटच्या तुकड्यापर्यंत.

पाव ही अजूनही रोज करते. फक्त आंघोळ आधी उरकून घेते.