पाव टक्का

"टीव्हीला हात लावू नगंस! दहाला रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर बोलतोय," कृष्णात ओरडला.

"त्यो गव्हर्नर तुमच्या हाताला काम देणार हाय व्हय? राजारामपुरीच्या दवाखान्यात वॉचमनची जागा आलती, ती घालवलासा!" संयोगितानं रिमोट त्याच्या पुढ्यात आपटला आणि धुणं घेऊन निघून गेली.

मी भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी. नको म्हटलं तरी सगळं कानावर येतं. खरं सांगतो, त्याच्या बायकोचं चुकत नव्हतं. रिझर्व्ह बँकेनं व्याज चढवत नेलं, त्यात कापडाला उठाव नाही, म्हणून मालक बाबासोंनी कबनूरच्या शेडमधले चोवीसही माग बंद केले आणि त्यावर विणणारा कृष्णात घरी बसला. त्याला दोन वर्षं झाली. "व्याज उतरू दे, पयलं तुलाच बोलावतो," असं ते कृष्णातला म्हणाले होते. मनापासूनच म्हणाले असतील. पण या गड्यानं तेवढंच धरून ठेवलं. मागावर उरलेला ताणा, म्हणजे उभे दोरे, त्यानं कुणाला कापू दिला नाही. जुन्या टोकांना नव्या बीमचे, म्हणजे सुताच्या रुळाचे, दोरे गाठी मारून जोडले की माग लगेच चालू होतो, नाहीतर एकेक दोरा फणीतून ओवत बसावं लागतं. दर रविवारी जाऊन तो फुकटात मागांना तेल घालायचा. मला त्याचा राग यायचा आणि कीवही.

व्याज आधी दोनदा उतरलं होतं, तेव्हा बाबासो "जरा थांब" म्हणाले. आज पुन्हा पाव टक्का उतरलं. कृष्णातनं इस्त्रीचा शर्ट चढवला आणि मला ओढतच नेलं. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला, धूळ नाकातोंडात जात होती.

शेडमध्ये बाबासो टेप घेऊन जमीन मोजत होते. "ये कृष्णात! व्याज उतारत आलं म्हणून जमलं बघ, बँकेनं परवाच कर्ज मंजूर केलं."

"मग बीम कवा चढवायचं, अण्णा?"

बाबासोंनी टेप गुंडाळली. "ह्येच्यावर न्हाय रं. नवीन ऑटोलूम येत्यात. दोन पोरं बास हुत्यात त्यास्नी. ह्ये जुनं भंगारात चाललंय. खोलायला माणूस पायजे, तीन दिवसाचं काम हाय. तुला ह्यातला नट नि नट ठावं हाय, म्हणून म्हणतो."

कृष्णात खालीच बसला. शर्टाला धूळ लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"अण्णा, व्याज चढलं तवा तुमास्नी माझी मजुरी परवडंना. उतारलं तवा यंत्र परवडलं. मग माझं काम ऱ्हायाला व्याजानं कितीवर थांबाय पायजे हुतं वो?"

बाबासोंनी टेप खिशात टाकली.

"सकाळी सातला ये," ते हळूच म्हणाले. "पैसे रोजच्या रोज देतो."

दुसऱ्या दिवशी संयोगितानं भाकरी बांधून दिली. कृष्णात वेळेवर निघाला. नट खोलायला कुठले कुठले पाने लागतील, ते त्यानं आदल्या संध्याकाळीच पुसून पिशवीत भरून ठेवले होते.