गंजात उमटलेला हात

आश्विनातले ऊन वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर तांबूस होऊन उतरते. समुद्रावरून येताना ते मीठ अंगाला चोपडून येते. माडांच्या झावळ्यांवर चकाकते, लाल मातीवर लोळते, विहिरीच्या कठड्यावर घटकाभर टेकते. आणि उठताना, जिथे जिथे टेकले तिथे तिथे, आपले चिमूटभर मीठ ठेवून जाते.

माणसे त्या मिठाला सरावतात. माड तर त्यावरच पोसतात. लोखंडाला मात्र या गावात आयुष्य नाही. दाराची कडी, विहिरीचा रहाट, देवळातल्या घंटेची साखळी, साऱ्यांना तो लवणगंधी वारा आधी चाटतो आणि मग खातो. त्याला कसलीच घाई नसते.

त्या आश्विनात दत्ताराम आरोलकराच्या अंगणात, झावळ्यांनी शाकारलेल्या माटवाखाली, एका मोटारीचा सांगाडा चिऱ्यांवर आडवा पडला होता. गॅरेजवाले त्याला चासी म्हणतात. गाडीचे सगळे वजन, सगळी वळणे, सगळे धक्के सोसणारी आणि कुणाच्या नजरेस कधी न पडणारी ती लोखंडाची पाठ. तिच्यावरचे रूप, ते फुगीर मडगार्ड, ते गोल दिवे, ती चामड्याची बैठक, सगळे उतरवून फणसाखाली ठेवले होते. कोंबड्या त्या बैठकीवर बसू लागल्या होत्या.

घराच्या दुरुस्तीचे काम निघाले म्हणून ती बाहेर आली. कौले उतरली, वासे बदलले, परसातली पडकी खोप पाडायची ठरली. आणि खोपीचे दार निघताच चाळीस वर्षांचा अंधार अंगावर घेऊन ती जुनी ऑस्टिन उजेडात उभी राहिली. उभी कसली, टेकली. तिचे टायर कधीच मातीस मिळाले होते.

सुतार म्हणाला, भंगारात द्या. शेजारी म्हणाले, या वयात हे खूळ कशाला. पालथ्या घड्यावर पाणी! एके काळी पंचक्रोशीतल्या मोटारी ज्याच्या हाताखालून गेल्या तो हा म्हातारा. हट्टाला पेटला की पेटला. मरण्याआधी ही गाडी घासायची, रंगवायची, तिच्या चाकांवर उभी करायची, याखेरीज त्याला जगाकडून काहीही नको होते.

कारण एकदा ती चाकांवर नव्हती. ज्या एका दुपारी असायला हवी होती, नेमकी त्याच दुपारी नव्हती.

तारेचा ब्रश घेऊन तो सकाळी बसे, तो ऊन माटवाच्या आत शिरेपर्यंत उठत नसे. खर्र खर्र, खर्र खर्र. जुन्या रंगाचे पापुद्रे सुटत. काळ्याखाली तांबडा, तांबड्याखाली तपकिरी, आणि तपकिरीखाली नाचणीच्या पिठासारखा भुरभुरता गंज. तो झडला की राकेलचा बोळा, मग काचकागद, मग कोरडे फडके. आणि मग, फार खोलातून, फार नाखुषीने, लोखंड आपला मूळचा रुपेरी उजेड दाखवी.

त्या उजेडाला उघडा हात लावायचा नसतो. हा त्या धंद्यातला पहिला धडा. घासून नितळ केलेल्या लोखंडाला माणसाचा घाम लागला की घामातले मीठ तिथे ठाण मांडते. वरून कितीही रंग द्या, ते आतल्या आत गंज धरते. म्हणून दत्ताराम जुन्या धोतराचे फडके हाताला गुंडाळून काम करी. पाठ मोडून येई, पण फडके सुटत नसे.

सुलोचना, त्याची बायको, स्वयंपाकघराच्या दारातून बघे. गाडी खोपीत गेली त्या दिवसापासून तिने गाडीचे नावही काढले नव्हते. सकाळची पेज, दुपारचा चहा ती माटवाच्या खांबापाशी ठेवी आणि तशीच मागे वळे. सांगाड्याजवळ ती कधी आली नाही.

असाच एक दिवस, उजव्या अंगाच्या लांब पट्टीवर, मधोमध, जुना रंग फुगलेला दिसला. ब्रश लागताच टवका उडाला. दुसरा उडाला. दत्तारामने सवयीने फुंकर मारली, तांबडी धूळ उडाली, आणि ब्रश त्याच्या हातातून खाली पडला.

गंजात एक हात होता.

लहानसा हात. पाची बोटे फाकलेली, अंगठा जरा तिरपा, तळव्याच्या मध्ये पुसटशी मोकळी जागा. भोवतीचे लोखंड धड, रुपेरी; आणि तेवढेच, त्या हाताएवढेच, गडद, खरखरीत, खोल खाल्लेले. चाळीस वर्षे रंगाखाली, चाळीस वर्षे अंधारात, तो हात तिथे तसाच टेकलेला होता.

तो कुणाचा, हे दत्तारामला कुणी सांगायला नको होते.

कुंदा नऊ वर्षांची होती. एकुलती एक. तेव्हाही आश्विनच होता, तेव्हाही हाच सांगाडा याच अंगणात होता. चांगली धावती गाडी केवळ रंगासाठी, केवळ हौसेसाठी, खोलून ठेवलेली. नुकते घासलेले लोखंड दुपारी, सावलीतही, झळझळत होते. लगोरी खेळून घामाघूम झालेली पोर धावत आली, तिला त्या लोखंडात आपले तोंड दिसले, आणि तिने हसून त्यावर हात टेकला. गार लागले म्हणून तसाच दाबून धरला.

बापाने तो हात फटकारला. साधासुधा नाही, खाडकन. दिवसभराची मेहनत डोळ्यांदेखत नासली म्हणून त्याचे डोके फिरले होते. पोर रडली नाही, ओरडली नाही, हात पोटाशी धरून आत गेली. ती जागा राकेलने धुवून पुन्हा घासायला हवी होती, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते? पण त्याने नुसती पुसली, आणि त्याच रागात वरून रंग मारला.

चार दिवसांनी, रंगाचा वास अजून अंगणात दरवळत असताना, कुंपणाशी अबोलीची फुले तोडताना कुंदाला नाग डसला.

गाडीची चाके भिंतीला टेकून होती. इंजिन पोत्यावर होते. दुपारची एसटी निघून गेली होती. दत्तारामने लेकीला उचलले आणि तो दवाखान्याच्या वाटेने धावत सुटला. लाल धुळीतून धावला, काजूच्या बनातून धावला, चढ धावला, उतार धावला. आणि अर्ध्या वाटेवर, त्याच्या गळ्याभोवती पडलेला तो लहान हात सुटला.

पुढे दिवसवार झाल्यावर त्याने गाडी जोडली, खोपीत ढकलली आणि दार ओढून घेतले. ती पुन्हा रस्त्यावर आली नाही.

आज तोच हात समोर होता. म्हाताऱ्याने घाईघाईने त्यावर फडके टाकले. नेमकी तेव्हाच सुलोचना चहा घेऊन खांबापाशी आली, आणि त्याचा चेहरा पाहून थबकली.

"ह्यां काय लपवतास?"

"काय नाय. गंज तो."

ज्या सांगाड्याकडे तिने कधी पाऊल टाकले नव्हते, त्याच्याकडे ती चालत आली. फडके उचलले. मग तिने आपला सुरकुतलेला तळवा त्या हातावर, न टेकवता, अलगद वर धरला.

"हात तो," ती म्हणाली. "आपल्या कुंदाचो."

दत्तारामने मान खाली घातली. इतकी वर्षे घशात रुतून बसलेले त्याने एकदाचे ओकून टाकले. "मी तेका मारलंय गो. ह्याच हातार मारलंय. तुका कधी सांगूक नाय."

"माका ठावक असा." तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "चेडू माझ्याकडेच इल्लां. हात लाल झाल्लो. खोबरेल लायलंय मी. माका म्हणालां, आये, दुखता म्हणान बाबांका सांगू नको."

माटवातून वारा गेला. झावळ्या सळसळल्या. म्हातारा रडला, पोरासारखा, तोंड उघडे टाकून, आवाज काढून रडला. कपातला चहा कधीच निवून गेला होता.

डोळे पुसून त्याने काय करावे? ब्रश उचलला. त्याला तो हात बघवत नव्हता. तो घासून टाकायचा, राकेलने धुवायचा, तांबडा द्यायचा, काळा द्यायचा, की सुटलो, असे त्याला वाटत होते. पण सुलोचना आडवी आली.

"गंज ठेवलो तर अख्खी चासी खातलो तो," दत्ताराम म्हणाला.

"खाव दे. चेडवाचो साधो फोटो नाय आपल्याकडे. काय असा तेचा? ह्यो एक हात."

खरेच होते. जत्रेत काढू, पुढच्या जत्रेत काढू, म्हणता म्हणता फोटो राहून गेला होता. फ्रॉक उंदरांनी खाल्ले, पाटी फुटली. आणि लेकीचा चेहरा आता आईलाही धड आठवत नव्हता. हे दुःख तिने कुणाला, नवऱ्यालाही, कधी बोलून दाखवले नव्हते.

दत्तारामने ब्रश ठेवला आणि लहान हातोडी घेतली. पट्टीवर ठोकत ठोकत तो पुढे सरकला. टण, टण, टण, लोखंड खणखणत होते. हातावर ठोका पडला आणि आवाज बसला. तिथे लोखंड उरले नव्हते, लोखंडाचे सोंग उरले होते.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला अंतोन आला. त्याने बोटाने दाबून पाहिले, मान हलवली. "दत्तारामकाका, ह्यां लोखाण सरलां. कापूकच व्हया." आणि त्याने गॅसची नळी उलगडायला घेतली.

"आग नको," सुलोचना दारातून म्हणाली. "तेका एकदा आग दिल्ली, ती पुरे. आणि कापलेलो तुकडो माका दी."

"तेचा काय करतलास काकी?"

"तेल लायतलंय."

अंतोन शहाणा माणूस. नळी पुन्हा गुंडाळली. त्याने लोखंड कापायची करवत घेतली आणि हाताच्या भोवती, जरा लांबून, फार जपून, चौकोन कापत आणला. करवतीचा तो आवाज दत्ताराम कानांवर हात ठेवून ऐकत होता. शेवटचा दात फिरला तसा सुलोचनाने खाली पदर धरला. तुकडा पदरात पडला. इवल्याशा वजनाने ती वाकली, आणि वाकलेलीच आत गेली.

त्या जागी नवी पट्टी बसली. दत्तारामने ती राकेलने धुतली, पुन्हा धुतली, काचकागद मारला, हाताला फडके गुंडाळले. तांबडा दिला, वाळू दिला. काळा दिला, वाळू दिला. सांगाडा नखशिखांत काळाभोर झाला, कृष्णशिळेसारखा गुळगुळीत झाला. कुठे काय होते ते बोटालाही कळेना, आणि ते कळत नाही म्हणून म्हातारा त्या जागेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवी.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला गाडी चाकांवर उभी होती. नवे टायर, घासलेले दिवे, कपाळावर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. नारळ फुटला, गाव जमला, जो तो म्हाताऱ्याची पाठ थोपटू लागला. कुणीतरी विचारले, "काका, पयली फेरी खंय?"

दत्ताराम स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. समोर तोच रस्ता होता, तोच चढ, काजूच्या बनातून दवाखान्याकडे जाणारा. शेजारची बैठक रिकामी होती. गाडी हवी होती तेव्हा आडवी होती. आता उभी होती, आणि कुठेच जायचे नव्हते. त्याने किल्ली फिरवली नाही. लोक प्रसाद खाऊन पांगले, आणि झेंडूचा हार बॉनेटवरच सुकत गेला.

रोज तिन्हीसांजेला, दिवा लावून झाला की, सुलोचना पडवीच्या पायरीवर येऊन बसते. मांडीवर तो लोखंडाचा तुकडा, बाजूला खोबरेलाची वाटी. तेलाने गंज थांबतो, असे दत्तारामनेच कधीतरी सांगितलेले. पण हा गंज तेलाच्या पलीकडे गेलेला. हे त्याला दिसते, आणि तो सांगत नाही.

ती बोट बुडवते. करंगळीला तेल लावते, अंगठ्याला लावते, तळव्याला लावते. दुखेल म्हणून हळू, फार हळू. समुद्रावरून वारा येतो, मीठ घेऊन येतो. करंगळीचे टोक परवाच झडले. अंगठा पातळ होत चालला. तपकिरी भुकटी तेलात मिसळून तिच्या तळव्याच्या रेघांत बसते, आणि ती तो तळवा धूत नाही, पुसत नाही. मूठ मिटून उठते.

अंगणात काळी गाडी उभी असते. पायरीवर म्हातारी बसलेली असते. आणि रोज थोडा, रोज थोडा, तो हात तिच्या हातात येत असतो.