पाणसळीवरचे नाव

मित्रांनो, फळी सपाट बसली की एका बाजूला कलली, हे सांगणारी मी एक जुनी पाणसळ आहे. लाकडी दांडा, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या आणि मधोमध काचेची नळी, एवढीच मी. नळीत एक बुडबुडा आहे. जरा धक्का लागला की तो पळत सुटतो. अलीकडे तर शेजारच्या खोलीत कोणी चालले तरी तो हलतो.

माझा जन्म जर्मनीतला. हॉलंडच्या सीमेजवळच्या एका लहान गावात सिमॉन नावाचा ज्यू कारागीर मोजमापाची हत्यारे बनवत असे. त्याने मला घडवले. ओटमार ग्रेव्हलर नावाच्या तरुण इंजिनिअरने मला विकत घेतले आणि पितळी पट्टीवर स्वतःचे नाव कोरून घेतले. सिमॉनने त्याला बजावले, की काम सुरू करण्याआधी पाणसळ एकदा ठेवायची, मग टोकांची अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा ठेवायची. दोन्ही वेळा बुडबुडा तेच सांगत असेल, तरच तिच्यावर विश्वास ठेवायचा. ग्रेव्हलर रोज तसे करायचा.

ते दिवस चांगले होते. आम्ही पूल बांधले, पाण्याचे नळ टाकले, शाळेचा जिना बसवला. त्याच्या कामाला कोणी नावे ठेवत नसे.

मग नाझी पक्षाचे राज्य आले. ग्रेव्हलर पक्षात गेला. मोठी कामे मिळावीत म्हणून जातो, असे तो बायकोला म्हणाला. पुढे तो गावाचा नगराध्यक्ष झाला. कोटावर बिल्ला आला, चौकात भाषणे सुरू झाली. मला त्याने कचेरीतल्या टेबलावर मांडले. येणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, की मी हे गाव सरळ करणार आहे. एका सकाळी सिमॉनच्या दुकानाला फळ्या ठोकल्या गेल्या. हुकूम ग्रेव्हलरचाच होता. सिमॉनला आणि त्याच्या घरच्यांना कुठे नेले, ते मला कधीच कळले नाही.

युद्ध पेटल्यावर गावाच्या वीटभट्टीमागे लाकडी बराकी उभारायचे ठरले. हॉलंडमधून धरून आणलेल्या मजुरांना तिथे कोंडायचे होते. त्या दिवशी ग्रेव्हलरने खूप दिवसांनी मला हातात घेतले आणि जमिनीवर ठेवले. टोके बदलून पाहिले नाही. जमीन सपाट आहे, असे मी सांगितले. मित्रांनो, ते खरे होते. मी खोटे कधी बोलले नाही. तरी त्या एका खऱ्या उत्तराने मला अजून चैन पडत नाही.

युद्धानंतर त्याची चौकशी झाली. मी फक्त मापे घेतली, असे तो म्हणाला. थोडी शिक्षा भोगून तो घरी आला आणि म्हातारा होऊन अंथरुणातच मेला. मी तळघरात काळी पडत राहिले. नंतर कोणी घर रिकामे केले आणि मी सीमा ओलांडून हॉलंडमधल्या एनस्खेडे गावात आले.

इथे राजाच्या वाढदिवशी लोक घरातल्या जुन्या वस्तू रस्त्यावर मांडून विकतात. तिथे या गावात राहायला आलेल्या शोभाने मला विकत घेतले. तिचा नवरा श्रीनिवास इंजिनिअर. त्याने बसवलेली देवघराची फळी कललेली होती. "इंजिनिअरच्या घरात देव घसरतात, कोणाला सांगायची सोय नाही," असे ती त्याला चिडवायची. तिने मला फळीवर ठेवून त्याच्याकडून स्क्रू पुन्हा पिळून घेतले. त्यानंतर दर खंडेनवमीला ती घरातली हत्यारे पाटावर मांडायची. हळद-कुंकू, झेंडूचे फूल. त्यात मीही असे. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझा मान ठेवत होते.

गेल्या हिवाळ्यात शोभा गेली.

या वर्षी श्रीनिवासने पाट स्वतः मांडला. मला त्याने चिंच-मीठ लावून घासले. शोभा फक्त माझी काच पुसायची, पितळ तसेच काळे राहायचे. आता ते झळकले, आणि झेंडूच्या फुलाखाली ग्रेव्हलरचे नाव स्वच्छ दिसू लागले.

शेजारच्या हॅनी आजींना शोभा दर वर्षी प्रसादाला बोलवायची, म्हणून श्रीनिवासनेही बोलावले. त्यांनी वाकून ते नाव वाचले आणि शिऱ्याची वाटी खाली ठेवली. त्यांच्या वडिलांना सीमेपलीकडे धरून नेले होते. त्या वीटभट्टीतून ते छातीचा खोकला घेऊन परतले, आणि खोकल्याची उबळ आली की हेच नाव घ्यायचे. एवढे सांगून त्या न खाता घरी गेल्या.

त्यानंतर श्रीनिवासला स्वस्थता नव्हती. मला उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. एका संध्याकाळी तो कानस घेऊन बसला. नाव घासून टाकले की मला घरात ठेवता येईल, असा त्याचा विचार होता. त्याची मुलगी हिमानी एरवी डचमध्येच उत्तर देते. त्या दिवशी मराठीत बोलली.

"बाबा, हे लपवणं झालं."

"मग टाकून देऊ? तुझ्या आईने आणलीय ती."

"मला नका विचारू. हॅनी आजींना विचारा."

तो मला घेऊन शेजारी गेला. तुम्ही म्हणाल तर कालव्यात टाकतो, असे म्हणाला. म्हणताना त्याचा हात माझ्यावर घट्ट होता. आजींनी ते पाहिले. त्यांनी त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

"नाव खरवडू नका," त्या म्हणाल्या. "खरवडलंत तर त्या ग्रेव्हलरचीच सोय होईल. शोभाची वस्तू आहे, घरात ठेवा. फक्त माझ्यासमोर तिला फूल वाहू नका."

"तुमच्यामागेही वाहणार नाही," श्रीनिवास म्हणाला.

आता मी देवघराजवळच्या कपाटात असते. घरी मुले आली की हिमानी मला बाहेर काढते आणि मला कोणी घडवले, कोणाचे नाव माझ्यावर आहे आणि तिच्या आईने मला कुठून आणले, या तिन्ही गोष्टी सांगते. ऐकताना माझा बुडबुडा हलत राहतो. हलू दे.

मित्रांनो, जुन्या वस्तू हाती आल्या तर त्यांना जपा, गंजू देऊ नका. पण त्यांच्यावरची नावे जशी आहेत तशी राहू द्या, वाचायला लाज वाटली तरी.