काठाचा रंग सुटला नव्हता

मी एक जुनी सोलापुरी चादर आहे, मित्रांनो. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. अंगाने मी अजून भक्कम आहे. मधला भाग पांढराशुभ्र, दोन्ही टोकांना मोर आणि चारी बाजूंनी लालभडक काठ, असं माझं रूप होतं. होतं म्हणते, कारण आता त्या पांढऱ्यावर जे उमटलं आहे ते पाहून कुणीही दचकतं. ते कसं उमटलं तेच तुम्हाला सांगायचं आहे. आजही ते आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

माझा जन्म सोलापुरातल्या एका मागावर झाला. माझ्या काठाचं सूत मात्र ईरप्पाने रंगवलं. ईरप्पा तेव्हा तरणाबांड होता आणि एका कारखान्याच्या डाईंगमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या खात्यात, नुकताच लागला होता. गरम पाण्यात रंग कालवायचा, त्यात मीठ घालायचं, सोडा घालायचा, मग कुठे सूत रंग धरतं. सूत वाळलं की ईरप्पा एक ओलं पांढरं फडकं घेऊन त्यावर खसाखसा घासायचा. फडक्याला रंग लागला की माल परत. माझ्या काठाचं सूत त्याने घासघास घासलं, आणि फडकं कोरंच्या कोरं राहिलं. "पक्का!" असा तो ओरडला की शेजारचे कामगार हातातलं काम टाकून बघायला आले. पुढे स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा त्याने दुकानभर चादरी सोडून मलाच उचललं. मला तेव्हा काय चढलं होतं म्हणून सांगू!

ईरप्पाचं घर सोलापूरजवळ कुंभारीला. घरामागे थोडं शेत आणि विहीर. त्या घरात एक रीत पडली. घरात नवं माणूस आलं की आधी त्याला माझ्यावर बसवायचं. नवी नवरी काशम्मा माझ्यावर बसली. त्यांचा मुलगा महेश्वर पहिल्यांदा माझ्यावरच पालथा पडला. आल्यागेल्याला काशम्मा मला उलगडून दाखवायची आणि म्हणायची, "ह्यांच्या हातचा रंग हाय. आमी म्हातारे व्हऊ, काठ म्हातारा व्हणार न्हाय."

मग घरात एक गुबगुबीत ब्लँकेट आलं. त्यावर वाघाचं चित्र. सगळे त्या वाघाच्या प्रेमात पडले आणि माझी रवानगी पेटीत झाली. रुसले मी, अगदी खरं सांगते. पण पेटीत पडल्या पडल्या घरातलं बोलणं मात्र सगळं ऐकू यायचं.

एक दिवस ईरप्पा लई खुशीत घरी आला. कारखान्याचे मालक अनिलकुमार शेठ यांनी रंगाचं सांडपाणी शुद्ध करायचं मोठं यंत्र बसवलं होतं आणि त्यावर देखरेखीला ईरप्पाला नेमलं होतं. शेठचे टॉवेल आणि चादरी परदेशात जायच्या. तिकडची गिऱ्हाइकं विचारायला लागली होती, तुमचं घाण पाणी कुठे जातं? म्हणून शेठनी फाटकावर पाटी लावली, 'एक थेंबही बाहेर नाही.' ईरप्पा ती पाटी रोज जाता-येता वाचायचा आणि घरी येऊन सांगायचा, "काशे, रंगाचं पाणी आत येतंय आन काचंवानी होऊन निघतंय. तेच परत वापरतो आमी."

ते खोटं नव्हतं. पण पाणी साफ झालं की खाली रंगाचा गाळ उरायचा. वाळला की त्यावर मिठाची पांढरी साय धरायची. तो गाळ नेमून दिलेल्या जागी लांब पाठवायचा असतो. इकडे ईरप्पाच्या विहिरीशेजारी जमिनीत एक मोठा खोलगट भाग होता. त्यात पावसाचं पाणी साचायचं. ईरप्पाने शेठना विचारलं, "ह्यो गाळ भर टाकायला नेऊ का?" शेठ म्हणाले, "ने की, बरंच झालं. तुझंही काम होईल, माझंही." टेम्पोवर टेम्पो आले. खड्डा बुजला, जमीन सपाट झाली. काशम्माने त्यावर मेथी पेरली. मेथी काही उगवली नाही, तर म्हणाली, बी खराब असेल. पाणी साफ झालं म्हणजे घाण संपली, असं ईरप्पा आणि शेठ या दोघा शहाण्या माणसांनी धरून चालावं, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर काशम्मा कुरकुरायला लागली. डाळ शिजेना. चहा फाटायला लागला. "हिरीला मचूळपणा आलाय," ती म्हणायची. ईरप्पा म्हणायचा, "पाऊस कमी झालाय, म्हणून." शेजारच्या गोजाबाई रोज घागर घेऊन यायच्या. काशम्मा पाण्याला कधी कुणाला नाही म्हणाली नाही.

अशात महेश्वरची बायको शिवलीला माहेरून आली. कडेवर गोरीगोमटी लेक. मग काय, पेटी उघडली! वाघ बाजूला पडला आणि मी ओसरीवर पसरले गेले. बाळाला माझ्यावर ठेवलं, तर तिने माझ्या मोराची शेपटी मुठीत धरली आणि सोडेचना. इतक्या वर्षांचा रुसवा एका क्षणात पळाला.

पण थोड्याच दिवसांत बाळाच्या अंगावर लाल चट्टे उठले. आधी मानेवर, मग पोटावर, मग पाठभर. पोर रडून रडून निळी पडायची. दवाखान्यातलं मलम लावलं तरी फरक पडेना. महेश्वर होटगीला रेल्वेत कामाला, तोही रजा टाकून आला. माहेरी बाळ कसं लोण्यासारखं होतं, इथेच काय झालं, म्हणून शिवलीला सुकून गेली. आणि मग काशम्माची नजर माझ्यावर गेली.

"पेटीतली जुनी चादर. किती वर्सांची धूळ बसली आसंल तिच्यात. हिच्यामुळंच!"

मला धक्काच बसला. माझ्यामुळे? त्या बाळाला मी जीव लावला होता! पण चादरीचं कोण ऐकतं? शिवलीलाने मोठ्या भगुण्यात पाणी तापवलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि मला त्यात बुडवलं. जंतू मरायला हवेत म्हणून दिवसभर तसंच ठेवलं. संध्याकाळी तिने मला पिळून दोरीवर टाकलं आणि किंकाळी फोडली.

माझ्या पांढऱ्या अंगावर गुलाबी, निळे, जांभळे डाग पसरले होते. एक मोर तर निम्मा निळा झाला होता.

"आत्या, काठाचा रंग सुटला!" शिवलीला रडत ओरडली. "कच्चा रंग हाय हा! ह्योच बाळाच्या अंगाला लागला."

त्याच वेळी ईरप्पा कामावरून परतला. सुनेचे शब्द त्याच्या कानावर पडले, आणि तो दारातच थबकला.

"कुणाचा रंग कच्चा? माझा?"

"मामा, बघा की सोताच्या डोळ्यांनी."

ईरप्पा तरातरा दोरीजवळ आला. डोक्यावरची पांढरी टोपी काढली. पिशवीतल्या बाटलीत कारखान्यातून भरून आणलेलं पाणी होतं, त्याने टोपी भिजवली आणि माझा लाल काठ खसाखसा घासायला लागला. तरुणपणी घासायचा तस्साच. मग टोपी उजेडात धरली. कोरी! पांढरीफटक!

"बघा! हाय का डाग? हात मोडंल पन ह्यो रंग सुटनार न्हाय!" तो मोठ्याने हसला. मीही दोरीवर ताठ झाले. माझ्यावरचा आळ गेला होता.

पण ईरप्पाचं हसू मध्येच थांबलं. त्याने टोपीकडे पाहिलं, माझ्या डागांकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "मग ह्यो रंग आला कुटनं?"

तो भगुण्याजवळ गेला.

"भगुण्यात काय काय घातलंस, शिवलीला?"

"गरम पाणी. सोडा. बस्स."

"आन पाणी कुटलं?"

"हिरीचं की."

त्याने भगुण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थू करून टाकलं. पाणी खारट लागलं होतं. "गरम पाणी, सोडा आन मीठ," तो पुटपुटला. "पोरी, तू धुणं न्हाय केलंस. तू रंगवलंस. रंग हिरीत हाय, डोळ्याला दिसत न्हाय एवढा पातळ."

"कसला रंग? हिरीत रंग कसा येईल?" काशम्मा म्हणाली.

ईरप्पाने विहिरीशेजारच्या त्या सपाट जमिनीकडे फक्त हात केला. काशम्माच्या हातातला तांब्या गळून पडला.

"अय्यो शिवा! रोज त्याच पाण्यानं न्हाऊ घालते की मी तिला! चोळून चोळून घालते!"

मित्रांनो, कारखान्यातला थेंब न् थेंब जपणाऱ्या माणसाने आपल्याच हाताने ती घाण नातीच्या अंघोळीच्या पाण्यात आणून ओतली होती. मी हादरून गेले. आणि तेवढ्यात गोजाबाई घागर घेऊन आल्या.

"आक्का, भरू नका," ईरप्पा म्हणाला.

गोजाबाई चपापल्या. "आज पाण्याला न्हाय म्हणतोस व्हय ईरप्पा? काय चुकलं आमचं?"

"तुमचं न्हाय, आक्का. माझं चुकलं." आणि तो म्हातारा माणूस बायामाणसांसमोर हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी ईरप्पाने मला पिशवीत घातलं आणि कारखाना गाठला. नेमक्या त्या दिवशी परदेशी गिऱ्हाईक पाहणीला आलं होतं. पांढऱ्या केसांच्या एक बाई. ईरप्पाने शेठना फाटकाशीच गाठून मला उलगडलं आणि सगळं सांगितलं. अनिलकुमार शेठचा चेहरा पडला. "ईरप्पा, आज नको. पाहुणे जाऊ देत, मग बघू," ते दबक्या आवाजात म्हणाले.

पण बाईंनी मला पाहिलं होतं. त्या जवळ आल्या, माझ्या डागांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ब्युटिफुल!" त्यांना वाटलं, ही नक्षीच आहे! मग त्यांनी दोन्ही हात पाळण्यासारखे हलवून दाखवले. शेठ हसत ईरप्पाकडे वळले.

"त्यांच्या नातीसाठी हवीय म्हणतात. देऊन टाक. तुला नवी देतो."

मला वाटलं, माझे कान फुटले. डाग कशाचे आहेत हे या माणसाला आत्ताच कळलं होतं! आणि तरी तो मला एका तान्ह्या बाळाच्या अंगावर पाठवायला निघाला होता?

"न्हाय!" ईरप्पाने बाईंच्या हातातून मला हिसकावून घेतलं. "लेकराला न्हाय! कुणाच्याच लेकराला न्हाय!"

बाई घाबरून मागे सरल्या. त्यांनी शेठना काहीतरी विचारलं. शेठ म्हणाले, "ईरप्पा, अरे पाटी वाच. एक थेंबही बाहेर जात नाही, हे खरं आहे ना?"

"थेंब न्हाय गेला, शेट," ईरप्पा म्हणाला. "टेम्पो गेला. तुमी भरून दिला, मी मागून नेला. चूक दोघांची हाय. माझी मी बोललो. तुमची तुमी सांगा त्यांना. मला विंग्रजी येत न्हाय."

शेठनी पाटीकडे पाहिलं. बाई वाट बघत होत्या. शेवटी शेठ बोलायला लागले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खाली खाली गेला. त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. पण बाईंनी आपले दोन्ही हात ओढणीला पुसावेत तसे कोटाला पुसले, तेव्हा कळलं, शेठ खरं बोलले.

त्या वर्षीचा शेठचा माल परदेशी गेला नाही. विहिरीशेजारचा गाळ मात्र उकरून निघाला आणि जिथे जायला हवा होता तिथे गेला. शेठनी वस्तीला चांगल्या पाण्याची नळजोडणी करून दिली. गोड पाण्याच्या अंघोळीने बाळाचे चट्टे हळूहळू मावळले. फाटकावरची पाटी उतरली. नवी अजून लागलेली नाही.

माझे डाग? काशम्माने लिंबू लावलं, उन्हात घातलं, काही उपयोग झाला नाही. इतका पक्का रंग ईरप्पाने उभ्या आयुष्यात लावला नव्हता.

मित्रांनो, आमचा रंग टिकतो का, हे तुम्ही दुकानात चोळून चोळून बघता. बघावंच. पण आमच्या अंगाला न लागलेला रंग कुठे गेला, हेही विचारत जा. नुसतं "बाहेर गेला" म्हणून कुणी सांगितलं, तर ऐकून गप्प बसू नका. बाहेर कुणाचं तरी घर असतं.

मी आता विहिरीच्या कठड्यावर असते. माझे डाग बघून कुणी इथे घागर बुडवत नाही. दर सोमवारी ईरप्पा एक बादली पाणी काढतो, तापवतो, सोडा टाकतो आणि त्यात एक पांढरं फडकं बुडवतो. मग ते उन्हात धरतो. नात आता चालायला लागली आहे. ती त्याचं धोतर धरून उभी राहते आणि फडक्याकडे बोट दाखवते.

फडकं दर वेळी थोडं कमी गुलाबी निघतं. ईरप्पा ते निरखून निरखून बघतो, मग तिला उचलून विहिरीपासून लांब नेतो.

"आजून न्हाय, बाळा," तो म्हणतो. "आजून न्हाय."