मी क्रिओसोट, माफी मागणार नाही

मी क्रिओसोट बोलतोय. नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा.

मी विषारी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कातडीला लागलो तर आग आग करतो, वासाने डोकं उठवतो. म्हणूनच मला प्यायलेलं लाकूड कुजत नाही आणि त्याला कीड शिवत नाही. किडीला मारायचं आणि माणसाशी गोड बोलायचं, असं दुतोंडी वागणं मला कधी जमलं नाही.

माझं जन्मगाव विलायतेत, दरहॅमच्या किनाऱ्यावर. तिथल्या माणसांनी समुद्राखाली खणत जाऊन कोळसा काढला, भट्टीत कोंडून भाजला. त्यातून डांबर गळालं आणि डांबरातून मी निघालो, काळपट आणि तेलकट. रुळांखालचे लाकडी स्लीपर माझ्या जिवावर आयुष्यभर आगगाड्या पेलत पडून राहिले. मला कुणी हार घातला नाही आणि मी मागितलाही नाही.

मग सरकारने मला घरगुती वापरासाठी विकायला बंदी केली. माझ्या जागी दुकानात पाण्यासारखं पातळ, बिनवासाचं काहीतरी आलं. विल्फने मात्र त्याआधीच माझा एक डबा खोपीत बटाट्यांच्या पोत्यामागे दडवला होता.

विल्फ खाणीत राबलेला माणूस. खाण बंद पडली. त्याच्याकडे छातीतली धूळ आणि शर्यतीची कबुतरं एवढंच उरलं. गावामागच्या भाजीच्या वाफ्यांत त्याचं लाकडी खुराडं होतं. दर उन्हाळ्यात तो मला त्याच्या बाहेरच्या फळ्यांना फासायचा, आणि त्या दिवशी त्याची बायको एडना त्याला घरात घ्यायची नाही. "कपडे अंगणात काढ, मग चहा," असं दारातून ओरडायची, मग शेजारी बघेनात का. त्या खुराड्यात तिने लग्न झाल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं.

एका वसंतात विल्फची छाती फार बिघडली आणि त्याला दवाखान्यात हलवलं. खुराड्यात एक म्हातारी निळी मादी दोन अंड्यांवर बसली होती. विल्फच्या बापाने जोपासलेल्या वाणातली ती शेवटची. यानंतर ती अंडी घालेल, असं कुणालाच वाटत नव्हतं. एडना भेटायला गेली की विल्फचा पहिला प्रश्न तयार असायचा, "निळी बसलीये ना?"

"मी बसने दोन तास हाडं खिळखिळी करून आलेय, ते विचार आधी," एडना म्हणायची. "बसलीये. तुझ्यापेक्षा शहाणी आहे, सांगितल्या जागेवरून हलत नाही."

दाणापाणी बघायला तिचा भाऊ सिरिल जायचा. हा लीकवाला; लीक म्हणजे कांद्याच्याच कुळातली लांब दांड्याची भाजी. गावच्या प्रदर्शनासाठी मनगटाएवढे जाड लीक पिकवायचा आणि त्यांच्याशी लेकरांशी बोलावं तसं बोलायचा. पाखरांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कप्प्यांच्या फटींत रक्तपिपासू तांबडे किडे दिसले, तसा त्याने खोपी धुंडाळून मला काढलं.

कबुतरवाले मला आतून लावतात ते भर हिवाळ्यात, कप्पे रिकामे असताना, आणि मग कित्येक दिवस दारं सताड उघडी ठेवतात. सिरिलला फक्त मी किडे मारतो एवढंच ठाऊक. झाकण उघडताच मी त्याच्या नाकात शिरून बजावलं, बाबा रे, इथे नको. तो खोकला, डोळे पुसून कप्पे रंगवायला लागला. निळी अंड्यांवरून उठली नाही.

काम उरकून तो एडनाकडे चहाला गेला. तिने दार उघडलं आणि माझ्या वासाने तिथेच थबकली.

"सिरिल, कुंपण रंगवलंस का रे?"

"कुंपण कशाला, खुराडं. आतून. किड्यांचं निर्दाळण केलं. विल्फ खूश होतो की नाही बघ."

"आतून? आणि निळी?"

"आहे की बसलेली. तिला हलवलीसुद्धा नाही."

"अरे गाढवा, अंडं टरफलातून श्वास घेतं."

"तुला काय माहीत?"

"जन्मभर जेवताना दुसरं ऐकलंय काय मी?"

ती घरातल्या सपातांवरच धावली. खुराड्यात शिरली, निळीला काखोटीला मारलं, अंडी लोकरीच्या टोपीत गुंडाळून पोटाशी धरली आणि तडक पलीकडच्या मॅटीच्या खुराड्याशी गेली. शर्यतीत कबुतर परतल्याची वेळ नोंदणाऱ्या एका घड्याळावरून मॅटी आणि विल्फ यांच्यात बोलणं बंद होतं.

"विल्फची अंडी? माझ्या पाखरांखाली?" मॅटी म्हणाला. "कळलं तर मरेल तो."

"अंडी गेली तर नक्की मरेल. निळी आता नव्या जागी बसायची नाही. घेतोस, का मीच बसू उबवायला?"

मॅटीने एका जोडीखालची स्वतःची अंडी काढली आणि ही ठेवली. काढलेली अंडीही चांगल्या वाणाची होती. मग निळीसकट विल्फची सगळी पाखरं त्याने आपल्या खुराड्यात आणली.

एक अंडं गेलं. दुसऱ्यातून पिल्लू निघालं.

गावाला मग तोंड फुटलं. बंदी काय उगाच घातली होती, असं जो तो म्हणू लागला. नव्हतीच उगाच. ते अंडं माझ्यामुळेच गेलं आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण ब्रश माझ्या हातात नव्हता. मी पहिल्या क्षणापासून बोंबलत होतो. माझ्या जागी एखादं मुकं विष असतं तर एडनाने भावाला चहा ओतला असता, आणि दोन्ही अंडी गेली असती.

विल्फ घरी आला तोवर सिरिलने मान खाली घालून आतले कप्पे उखडले होते आणि कोऱ्या लाकडाचे बसवले होते. समुद्राकडच्या भिंतीवरचा माझा जुना थर मात्र विरून गेला होता. डब्यात मी थोडाच उरलो होतो.

"तो डबा पालिकेच्या विषारी कचऱ्यात देऊन टाक," विल्फ म्हणाला. "पुरे झालं."

"पाखरं मॅटीकडे आहेत तोवर बाहेरून हात मारते, मग देते रिकामा," एडनाने तोंडाला फडकं बांधलं.

"कायद्याने बंदी आहे, ताई," सिरिल पुटपुटला.

"तू तुझे लीक बघ."

विल्फला तिने लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला खुर्चीत बसवलं होतं. तिथे मॅटी आला आणि त्याने पिल्लू त्याच्या हातात दिलं. विल्फने त्याचा पंख अलगद उलगडला, बराच वेळ बघितला. "बापाच्या कबुतरांचा पंख आहे हा," तो म्हणाला. मॅटीने जवळची बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसला.

आता मी डब्यात नाही, फळ्यांत मुरलोय. वारा, समुद्राचा खार, पाऊस, सगळं आधी माझ्या अंगावर येतं. येऊ दे. तुमच्याकडे एकच मागणं आहे, माझ्यापासून चार हात लांब राहा. ते पिल्लू आत कोरड्यात वाढतंय. बाहेरचं मी बघून घेईन.