टेबलावरचे शहर आणि अंगणातले ऊन

मी एक जुने शहर आहे. मित्रांनो, असे दचकू नका. शहर म्हटले की ते दूरवर पसरलेले असते, हे मलाही ठाऊक आहे. पण मी नगरपालिकेच्या सभागृहात एका टेबलावर आरामात मावते. माझ्या रस्त्यांवरून तुमचे बोट फिरू शकते, माझा घड्याळाचा मनोरा तुमच्या करंगळीएवढा आहे आणि माझ्या कालव्यात पाण्याऐवजी निळा रंग आहे. बाकी सगळे मात्र बाहेरच्या खऱ्या शहरासारखेच. एक घर इकडचे तिकडे नाही.

मला एका सुतारकाकांनी घडवले. ते गल्लोगल्ली हिंडून घरे पाहून येत आणि संध्याकाळी कानामागची पेन्सिल काढून लाकडाला टेकवत. रंग देण्याचे काम काकूंचे. राहती घरे पिवळी, दुकाने तपकिरी, शाळा आणि दवाखाने लाल, मोकळ्या जागा हिरव्या. कुठल्या जागेवर काय उभे राहायचे, हे त्या रंगांवरूनच कळे. काकूंचा हात इतका नेटका होता की रंगाचा एक थेंबही कधी शेजारच्या घरात शिरला नाही. खऱ्या शेजाऱ्यांना हे फारसे जमत नाही!

माझे टेबल मात्र काकांनी मुद्दाम ठेंगणे केले. साहेब लोक कुरकुरले, "काका, हे काय? बघायला वाकावं लागतंय. कंबर धरली की!"

"धरू दे," काका म्हणाले. "उभ्यानं बघितलं तर नुसती छपरं दिसतात. माणसं छपराखाली राहतात, साहेब."

मग त्यांनी सभागृहाच्या फरशीत चार पितळी वाट्या बसवल्या आणि माझे चार पाय त्यांत ठेवले. माझ्या काठावर एक बाण रंगवला आणि बाणाचे टोक पूर्वेच्या खिडकीकडे केले. सकाळी त्या खिडकीतून ऊन आले की बाहेर जशी सावली पडे, तशीच माझ्या गल्ल्यांतही पडे. माझ्या अंगावर त्या वेळी मूठभर मांस चढत असे. अर्थात लाकडाचे.

तेव्हापासून नगरपालिकेत एक रीत पडली. कुणाला कुठे काही बांधायचे असले, एखाद्या जागेचा रंग बदलायचा असला, तर आधी त्याची सूचना दारावर लागे आणि लोकांच्या हरकती मागवल्या जात. मग भर सभेत त्या इमारतीचा कोरा लाकडी ठोकळा माझ्यावर ठेवत आणि मतदानाआधी प्रत्येक नगरसेवकाने एकदा वाकून पाहायचे. ठराव मंजूर झाला की काकू ठोकळ्याला रंग देत. नामंजूर झाला की तो माझ्या खालच्या खोक्यात जाई. त्या खोक्यात काय काय होते म्हणून सांगू! पाण्यावर तरंगणारे नाट्यगृह होते. एका नगराध्यक्षांचा स्वतःचाच पुतळा होता, तोही घोड्यावर. त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती.

आणखी एक गंमत सांगते. वाकलेला माणूस कितीही मोठा असो, तो सगळ्यांत आधी स्वतःचे घर शोधतो. "हे बघा, हे आमचं!" असे म्हणताना भल्याभल्यांचे चेहरे लहान मुलांसारखे होतात. मला त्या चेहऱ्यांचा फार लळा लागला.

पुढे काका थकले, काकूही थकल्या. सभागृहात भलामोठा पडदा आला. त्यावर शहर वरून दिसे, पाखराला दिसावे तसे, आणि खुर्चीत बसल्या बसल्या दिसे. मग वाकणार कोण? फरशी बदलायची निघाली तेव्हा मला उचलून जिन्याखाली नेले, मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला. कुणीतरी माझ्या काठावर 'निकामी' अशी चिठ्ठी डकवली आणि ती नेमकी त्या बाणावरच डकवली. वाईट वाटले, मित्रांनो. बाहेर नवे पूल होत होते, नव्या वस्त्या उठत होत्या आणि मला त्यांची खबरबातही नव्हती. शिपाईमामा तेवढे अधूनमधून येऊन माझ्या छपरांवरून कुंचा फिरवत.

मग तो दिवस उजाडला.

त्या दिवशी सभेपुढे वाहनतळाचा विषय होता. बाजारात गाड्या लावायला जागा उरली नव्हती. रुग्णवाहिका अडकून पडत होत्या. त्यामुळे वाहनतळ हवा, यावर दुमत नव्हते. कालव्याकाठी आगीच्या बंबांचे जुने आवार रिकामे पडले होते. तिथला हिरवा रंग बदलून सात मजली वाहनतळ उभा करावा, असा ठराव मजलेभाऊंनी मांडला होता. या नगरसेवकांचे खरे नाव काहीतरी वेगळेच होते. पण कुठलीही इमारत दिसली की "आणखी एक मजला चढला असता" असे ते हळहळत, म्हणून त्यांना सगळे मजलेभाऊ म्हणत. माणूस मनाचा मोकळा होता, फक्त नजर कायम वर.

त्या आवारासमोर, रस्त्यापलीकडेच बालवाडी होती. लोकांची बोलायची वेळ आली तेव्हा बालवाडीच्या बाई उठल्या.

"आमच्याकडं येणारी पोरं बाजारामागच्या गल्लीतली," त्या म्हणाल्या. "त्यांच्या खोल्यांत दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. सकाळी आली की आधी अंगणात बसून ऊन खातात. मग कुठं त्यांना कंठ फुटतो. पूर्वेला सात मजले उभे राहिले तर आमचं अंगण सावलीत जाईल हो. दुसरं अंगण मी कुठून आणू?"

"बाई, तुम्ही उगाच घाबरताय," मजलेभाऊ म्हणाले. "पडद्यावर बघा की. मध्ये चांगला रस्ता आहे."

पडद्यावर सगळे वरून दिसत होते. वाहनतळ म्हणजे एक चौकोन, अंगण म्हणजे दुसरा चौकोन. दोन्ही आपापल्या जागी गुण्यागोविंदाने नांदत होते.

सभेच्या अध्यक्षबाईंनी पडद्याकडे पाठ केली. मग त्यांनी विचारले, "मामा, आपलं ते जुनं शहर कुठाय?"

मित्रांनो, माझा आनंद काय वर्णावा! शिपाईमामांनी तिघांना हाताशी घेतले आणि मला वाजतगाजत वर आणले. वाजतगाजत म्हणजे जिन्यावर दोनदा आपटत, पण मी मनाला लावून घेतले नाही. काकांनी तयार ठेवलेल्या सुट्या मजल्यांचे डबे निघाले. सातही मजले एकावर एक चढवून मजलेभाऊंनी वाहनतळ माझ्यावर ठेवला. शिपाईमामांनी अध्यक्षबाईंच्या टेबलावरचा दिवा काढून पूर्वेच्या खिडकीपाशी धरला. तो आमचा सकाळचा सूर्य.

पण एक घोटाळा झाला होता.

मला उलटे ठेवले होते! नव्या फरशीत पितळी वाट्या नव्हत्या. बाण चिठ्ठीखाली झाकलेला. टेबल चौकोनी, चारी बाजूंनी सारखे. त्यांनी ते आणले तसे ठेवले आणि माझी पश्चिम खिडकीकडे झाली. आता दिव्याचा उजेड भलत्याच बाजूने आला आणि वाहनतळाची लांब सावली अंगणावर न पडता पलीकडे कालव्यावर जाऊन पडली.

"झालं की समाधान!" कुणीतरी म्हणाले. "कालव्याला काय सावलीचं?"

बाई जवळ आल्या. त्यांनी माझ्यातले आपले अंगण पाहिले. ते उजेडाने भरलेले होते. "मग माझंच चुकलं असेल," त्या हळूच म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

चुकलं नाही बाई, तुमचे काहीही चुकलेले नाही, असे मी जिवाच्या आकांताने ओरडत होते. पण लाकडाला कंठ नसतो. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटे बोलायला लावले होते आणि तेही त्या चिमुरड्यांच्या विरुद्ध. रडता आले असते तर माझा कालवा खऱ्या पाण्याने भरला असता.

"हात वर करा," सभागृहाचे सचिव म्हणाले.

"थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "शहर आणलंच आहे, तर रीतही पाळू. प्रत्येकानं आधी वाकून बघायचं."

उसासे टाकत सगळे उठले. काटकसरताई वाकल्या. या नगरसेविका कुठल्याही खर्चाला आधी नाही म्हणत आणि मग विषय कोणता ते विचारत. त्यांनी चटकन आपले घर पाहिले आणि त्या बाजूला झाल्या. मग आले मजलेभाऊ. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि रीतसर स्वतःचे घर शोधू लागले. घड्याळाच्या मनोऱ्याशेजारचे, काडेपेटीच्या काडीची गॅलरी असलेले घर.

"हे बघा, हे आमचं!" त्यांचा चेहरा फुलला. मग कपाळाला आठी पडली. "पण हे काय भलतंच? दिवा सकाळचा ना?"

"सकाळचा," शिपाईमामा म्हणाले. त्यांचा दिवा धरलेला हात अवघडला होता.

"मग माझी गॅलरी अंधारात कशी? अहो, रोज सकाळी ऊन असं तोंडावर येतं की पेपर वाचता येत नाही. बायको म्हणते खुर्ची फिरवा, मी म्हणतो..."

मजलेभाऊ बोलता बोलता थांबले. त्यांनी खिडकीकडे पाहिले, दिव्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. आपण काय बोलून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आले. गप्प राहिले असते, तर ठराव त्यांच्या खिशातच होता.

मजलेभाऊ कान खाजवत उभे राहिले. मग मोठ्याने हसले.

"अध्यक्षबाई, आपण सगळे दिवे लावतोय! शहर उलटं ठेवलंय. फिरवा, फिरवा!"

सभागृहात हास्याचा असा स्फोट झाला की माझी छपरे थरथरली. चौघांनी मला धरून गर्रकन फिरवले. काठावरची चिठ्ठी ओरबाडली, तर खाली काकांचा बाण तसाच टवटवीत. दिवा पुन्हा धरला. मजलेभाऊंच्या गॅलरीत झळझळीत ऊन आले आणि वाहनतळाची सावली अंगणाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरली. हसणे थांबले. बाई उठून पुन्हा माझ्यापाशी आल्या.

मग जे झाले ते पाहायला काका हवे होते. जन्मभर मजले चढवण्याची स्वप्ने पाहणारे मजलेभाऊ माझ्यापाशी गुडघे टेकून बसले आणि त्यांनी वाहनतळाचा वरचा मजला स्वतःच्या हाताने काढला. सावली थोडी मागे सरली. दुसरा काढला. "अजून कोपरा झाकतोय," असे म्हणत तिसरा काढला. चौथा काढताना त्यांनी असा सुस्कारा सोडला की अध्यक्षबाईंनाही हसू आवरेना. तीन मजले उरले आणि अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत ऊन आले.

"आणि या चार मजल्यांच्या गाड्या कुठं, माझ्या गॅलरीत?" त्यांनी विचारले.

"आवार लांबच लांब आहे की," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उभे नको, आडवे टाका. कालव्याच्या कडेनं."

चार मजले कालव्याच्या कडेने ओळीने आडवे मांडले. जागा पुरली. सावली अंगणाच्या वाटेला गेली नाही. काटकसरताईंचे डोळे लकाकले. "सात मजले नाहीत म्हणजे मोठी लिफ्ट नाही, खोल पायाही नाही. खर्च निम्म्यावर येईल. यातलं थोडं बालवाडीच्या अंगणाला द्या. तिथलं कुंपण मोडलंय, मी बघितलंय."

काटकसरताईंनी खर्च सुचवला, हे लिहून घेताना सचिवांचा पेन क्षणभर अडला. दुरुस्त ठराव मांडला गेला आणि कालव्याकाठी यापुढे कुणीच तीन मजल्यांवर चढायचे नाही, हेही त्यातच जोडले. हात वर झाले, अगदी सगळे. बाईंचाही झाला. त्यांना मत नव्हते, पण तो हात खाली करायला कुणी सांगितले नाही.

आता मी पुन्हा सभागृहात आहे. नव्या फरशीत नव्या वाट्या बसल्या आहेत आणि माझा बाण रोज पुसला जातो. पडदाही आहे बरे का, आमचे काही वैर नाही. तो वरून दाखवतो, मी खालून. मजलेभाऊ आले की आधी माझ्यापाशी वाकतात. हल्ली ते स्वतःचे घर झटकन पाहून घेतात आणि मग शेजारची घरे पाहतात.

मित्रांनो, मला जपा. माझ्यावर धूळ साचू देऊ नका आणि मला उलटे तर मुळीच ठेवू नका. आणि मोठे झाल्यावर दुसऱ्यांसाठी काही ठरवायची वेळ आली, तर आधी वाका, आपले घर सापडल्यावर उठू नका, शेजारच्या दारातही डोकवा.

परवा बाई आपली सगळी पोरे घेऊन आल्या. ती माझ्याभोवती उभी राहिली आणि मला पहिल्यांदाच कळले की काकांनी माझी उंची कुणाच्या मापाने ठेवली होती. त्यांच्यातल्या एकालाही वाकावे लागले नाही. बाजारामागच्या गल्लीत राहणाऱ्या एका मुलीने सदऱ्याचे तुटलेले बटण मुठीतून काढले आणि माझ्यातल्या बालवाडीच्या अंगणात ठेवले. "ही मी," ती म्हणाली.

ते बटण शिपाईमामांनी तिथेच चिकटवून टाकले. रोज सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन येते, मनोऱ्यावरून उतरते, मजलेभाऊंच्या गॅलरीतून जाते आणि बटणापाशी पोचते. ते चमकले की मला कळते, पलीकडे खऱ्या अंगणात ती आता ऊन खात बसली आहे.